सामानाच्या यादीआधी माणसांची यादी

विरारला राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे सासर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत असून गणपतीला सगळे कुटुंब गावी जाते. गेल्या गणपतीत त्यांचा एकूण खर्च ६२,००० रुपयांवर गेला, त्यापैकी ३८,००० रुपये क्रेडिट कार्डावर होते आणि शिमगा आला तरी ते फिटले नव्हते. मुलांना आणलेली खेळणी गौरी-विसर्जनापर्यंत कोपऱ्यात पडली, सासूबाईंनी "कशाला गो एवढं आणलंस?" असे म्हणून नवा कुकर खोक्यासकट माळ्यावर ठेवला आणि नणंदेने साडीचा पदर बोटांत धरून किंमत विचारली. खर्च कमी करावा तर चिकटपणाचा शिक्का बसतो, आणि न करावा तर हप्ते मानगुटीवर बसतात, अशी त्यांची अडचण आहे. मुलांना वस्तूंच्या हावेऐवजी कृतज्ञता आणि माणुसकी कशी शिकवावी, हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्या कुकरचे काय करावे, असा तिसरा प्रश्नही त्यांनी शेवटी संकोचाने जोडला आहे.

माझी २९ वर्षे बँकेत गेली, त्यातली बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये. निवृत्तीनंतर बचत गटांच्या महिलांना घरखर्चाचे नियोजन समजावून देण्याचे काम करतो. त्यामुळे आधी हिशेबाकडे वळतो, कारण डोक्यावर हप्ता असताना कृतज्ञतेच्या गोष्टी गोड लागत नाहीत.

ताई, तुमच्या कार्डाचा व्याजदर दरमहा साडेतीन टक्के धरू. अनेक कार्डांवर तो याच्याच आसपास असतो. ३८,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,३३० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी सुमारे २३९ रुपये. किमान भरायची रक्कम पाच टक्के असेल तर ती १,९०० रुपये होते. तुम्ही ती वेळेवर भरली, मनाला समाधान वाटले, पण त्यातले जवळजवळ १,५७० रुपये व्याजात आणि करात गेले आणि मूळ कर्ज कमी झाले ते फक्त ३३० रुपयांनी. शिवाय जुनी बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या काळात कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. शिमगा आला तरी कर्ज का हलले नाही, याचे उत्तर इथे आहे. यंदाच्या गणपतीचा विचार करण्याआधी ही बाकी एकरकमी फेडण्याची सोय करा. घरात मोडता येण्याजोगी ठेव असेल तर ती मोडा, कारण सात टक्के मिळवून देणारी ठेव राखून वर्षाला बेचाळीस टक्क्यांचे कर्ज बाळगण्यात शहाणपण नाही.

कोकणी माणूस या फेऱ्यात दरवर्षी का अडकतो, याचे एक साधे कारण मला खातेदारांच्या पासबुकांवरून कळले. मुंबईच्या नोकरदाराला बोनस मिळतो तो दिवाळीला, आणि आपला मोठा सण येतो भाद्रपदात. खर्च आधी होतो आणि पैसा दोन महिन्यांनी येतो. मधली पोकळी पूर्वी वाण्याची उधारी, सोसायटीचे कर्ज किंवा कार्यालयाचा सण-अग्रिम भरून काढत असे. आता ती कार्ड आणि फोनवरचे झटपट कर्ज भरून काढते. बोनस आला की तो गणपतीचे देणे फेडण्यात जातो आणि दिवाळी पुन्हा उधारीवर होते. "ऋण काढून सण" ही म्हण आपल्याकडे टोमणा म्हणून वापरतात. माझ्या टेबलासमोर बसलेल्या शंभरातल्या निम्म्या माणसांच्या बाबतीत तो टोमणा अन्यायाचा होता, कारण ती माणसे उधळी नव्हती. त्यांच्या सणाचे पंचांग आणि पगाराचे पंचांग जुळत नव्हते, एवढेच.

बाजाराला मात्र ही तफावत नेमकी ठाऊक आहे. 'बिनव्याजी हप्ते' हा शब्द तुम्ही गेल्या वर्षी किती वेळा वाचला असेल ते आठवून पाहा. शून्य टक्के व्याज असे काही खऱ्या अर्थाने अस्तित्वात नसते आणि ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. आज कार्डावर अशी योजना घेतली की बँक व्याज लावते, विक्रेता तेवढीच सूट देतो आणि व्याजावरचा कर तुम्ही भरता. रक्कम लहान असते. मुद्दा असा, की ३,४०० रुपयांची वस्तू '५६७ रुपये दरमहा' अशी दिसू लागली की आपण किमतीचा विचार करणे सोडून देतो. भारतात फोनवरून होणाऱ्या या महाविक्रीच्या उत्सवाला मोठे रूप आले ते ऑक्टोबर २०१४ मध्ये, फ्लिपकार्टच्या पहिल्या 'बिग बिलियन डे'पासून. आता गणपती, नवरात्र, दिवाळी असे करत नोव्हेंबरअखेरचा 'ब्लॅक फ्रायडे'सुद्धा चिपळूण-देवरुखच्या माणसाच्या फोनवर येऊन थडकतो.

हा शुक्रवार अमेरिकेतल्या ज्या सणाच्या दुसऱ्या दिवशी येतो, तो 'थँक्सगिव्हिंग' हा सण आभार मानण्याचाच आहे. १८६३ मध्ये लिंकन यांनी तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला आणि पुढे नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ही प्रथा पडली. १९३९ मध्ये त्या महिन्यात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला पडला आणि नाताळच्या खरेदीला दिवस कमी मिळतील म्हणून व्यापाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ते मानले नाही, त्यामुळे देशात दोन वेगवेगळ्या गुरुवारी आभार मानले गेले. शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. आभाराचा दिवस दुकानाच्या सोयीने सरकवला जाऊ शकतो, हे वाचून आपण हसतो. आपली चतुर्थी कोणाला सरकवता येत नाही, हे खरे. पण तिच्या आधीचे आठ दिवस आपण कोणाच्या स्वाधीन केले आहेत, हे आपापल्या फोनवरच्या मागणीच्या नोंदींत दिसते.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. चाकरमानी पिशव्या भरून गावी का जातो? दिखाव्यासाठी जातो असे म्हणणे सोपे आहे, आणि थोडे खरेही आहे. पण मला त्यात दिखाव्यापेक्षा अपराधीपणा अधिक दिसतो. वर्षातले साडेअकरा महिने आपण तिथे नव्हतो. म्हाताऱ्या माणसांचे दुखणेखुपणे, पावसाआधी कौले परतणे, पडवीला झडी (पावसाचे आडोसे) बांधणे, शेतातली लावणी आणि देवाची दिवाबत्ती हे सारे दुसऱ्या कोणीतरी केले. त्याचे ओझे मनावर असते, बोलायला शब्द सापडत नाहीत, म्हणून आपण वस्तू नेतो. कृतज्ञता घशात अडकते आणि पिशवीतून बाहेर पडते. दुर्दैव असे, की पिशवी बहुतेक वेळा चुकीच्या माणसाकडे जाते.

ही चूक मी दुसऱ्यांना दाखवण्याआधी स्वतः केली आहे. वडील गेल्यावर आईला मी रत्नागिरीला आणले आणि गुहागर तालुक्यातले आमचे घर बंद झाले. शेजारच्या काकींनी आपणहून सांगितले, की देवाजवळ रोज संध्याकाळी त्या दिवा लावतील. नऊ वर्षे त्यांनी तो लावला. मी दर गणपतीला जाताना बहिणीला साडी, भावांना कपडे, पुतण्यांना खेळणी आणि एका वर्षी तर सण-अग्रिम उचलून गाणी ऐकायचे यंत्रही नेले. काकींना नेत असे पावशेर पेढे. नवव्या वर्षी त्या अंगणात घसरून पडल्या, त्यांचा खुबा मोडला आणि दिवा बंद झाला. त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने आमच्या घराची किल्ली, एक काडेपेटी आणि तेलाची अर्धी बाटली माझ्या हातात ठेवली. तेल त्यांच्या घरचे होते. रोजचे एक पळी तेल नऊ वर्षे कुठून येत होते, हा प्रश्न बँकेत दिवसभर लोकांचे हिशेब तपासणाऱ्या मला एकदाही पडला नव्हता.

त्या वर्षापासून मी सामानाची यादी करण्याआधी माणसांची यादी करतो, आणि गटांतल्या महिलांनाही तेच सांगतो. तुम्ही आणि तुमचे यजमान एका रविवारी मुलांना घेऊन बसा आणि एकच प्रश्न विचारा: गेल्या गणपतीपासून आजपर्यंत आपल्या गावच्या घरासाठी, सासूबाईंसाठी आणि आपल्यासाठी कोणी काय केले? नावे आठवत जातील. पावसात वीज गेली तेव्हा खांबावर चढलेला वायरमन, सासूबाईंचा रक्तदाब तपासायला येणारी आशाताई, बाजारातून औषधाची पट्टी आणून देणारा रिक्षावाला, फणस पडला तर अर्धा आपल्या दारात ठेवून जाणारी भावकीतली वहिनी. प्रत्येक नावापुढे त्याने केलेले काम लिहा, आणि शक्य असेल तिथे बारकाव्यासह लिहा. "मदत केली" असे लिहून भागत नाही. "जुलैमध्ये ओढ्याला पाणी असताना औषध आणले" असे लिहावे लागते. तपशील लिहिला की आभार कसे मानायचे ते आपोआप सुचते. वायरमनला शर्टपीस देण्यापेक्षा त्याला गणपतीच्या जेवणाला आग्रहाने बोलावून, पानावर बसवून, त्याच्या कामाची गोष्ट चारचौघांत सांगणे त्याला अधिक मोलाचे वाटेल. वहिनीकडे वस्तू न नेता तिच्या पडवीत अर्धा तास बसलात तरी चालेल, फक्त फोन घरी ठेवून बसा. औषध आणणाऱ्या रिक्षावाल्याला मात्र पैसेच द्या, आणि मागच्या खेपांचेही द्या, कारण त्याचे पेट्रोल फुकट येत नाही. आभार आणि मजुरी यांची गल्लत करू नये. ज्याची मजुरी थकली आहे त्याला नुसता नमस्कार करणे हा उद्धटपणा आहे.

या यादीत एक नाव बहुतेक घरांत राहून जाते, ते स्वयंपाकघरातल्या बाईचे. तीस माणसांचे घावन-घाटले, मोदक, पातोळ्या आणि मध्यरात्री भजनी मंडळींसाठी उसळ-पाव करणारी सून पाच दिवस चुलीपासून हलत नाही आणि बाहेर पुरुषमंडळी सणाच्या पावित्र्याबद्दल बोलत असतात. ताई, तुमच्या घरात ती बाई बहुधा तुम्हीच आहात. म्हणून तुमच्या यजमानांसाठी एक वाक्य लिहितो: तिला साडी आणू नका, एक वेळचा स्वयंपाक आणि दोन वेळची भांडी अंगावर घ्या.

कृतज्ञतेचे वळण आपल्या सणात मुळातच होते, ते बाहेरून आणायला नको. आपली माटवी पाहा. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या चौकटीला नारळ, शिपटे, काकडी, चिबूड यांच्या जोडीला कवंडळ, कांगणी, तेरडा अशी रानातली फळे-फुले बांधतात. त्या दिवसांत रान जे देते ते देवासमोर मांडायचे, इतका साधा त्याचा अर्थ. आमच्या लहानपणी माटवीचे सामान आणायला आदल्या दिवशी मुलांची टोळी डोंगरात जाई. आता कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात ते जुड्यांनी विकत मिळते. विकणाऱ्या बायका डोंगर तुडवून ते आणतात, त्यामुळे त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा नाही. पण ज्या घरात मुले आहेत त्यांनी निदान अर्धे सामान स्वतः शोधावे. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषीची भाजी घ्या: बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, परसातले, हाताने लावलेले खायचे. वर्षभर राबणाऱ्या जनावराची एका जेवणापुरती आठवण ठेवण्याची ही रीत आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाला ती समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात. गौर तर आपण तेरड्याच्या रोपांचीच आणतो, पाणवठ्यावरून, वाजतगाजत, फुकट. आणि कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर होड्या खऱ्या अर्थाने हंगामाला लागतात. मासेमारीची सरकारी बंदी ३१ जुलैला संपली तरी नारळाआधी होडी लोटायची नाही, असे मानणारी घरे अजून आहेत.

देवासमोर घालायच्या गाऱ्हाण्याचा तर मी फार विचार केला आहे. "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करून म्हातारा एकेकाचे नाव घेतो, मुंबईला गेलेल्या पोराबाळांचे, आजाऱ्याचे, लग्न राहिलेल्या मुलीचे, आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणते. हे मागणे आहे. पण ते दुसऱ्यासाठी, मोठ्याने आणि सर्वांच्या साक्षीने मागितलेले आहे. आपले नाव कोणीतरी देवासमोर उच्चारले, हे ऐकून बाजूला उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर काय होते ते एकदा नीट पाहा.

कृतज्ञतेचा आणि पैशाचा संबंध नुसता भावनेचा नाही, त्यावर अभ्यासही झाला आहे. एमन्स आणि मॅककलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांनी ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहून ठेवल्या, तर काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे चालले आहे असे वाटू लागले. २००८ मध्ये डन, अ‍ॅकनिन आणि नॉर्टन यांनी काही माणसांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले, काहींना स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे दिवसाअखेर अधिक आनंदी निघाले, आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नाही. म्हणजे काकींच्या तेलाची बाटली भरून देण्याने जे समाधान मिळाले असते त्यासाठी सण-अग्रिमाची गरज नव्हती. माझ्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी अभ्यास २०१४ चा आहे. डेस्टेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की आभार वाटल्याचा एखादा प्रसंग नुकताच आठवलेली माणसे 'आज थोडे की नंतर जास्त' या निवडीत अधिक धीर धरतात. केवळ आनंदी असलेल्या माणसांत तो धीर दिसला नाही. म्हणूनच मी माणसांची यादी आधी करायला सांगतो: ती लिहून झाल्यावर जी सामानाची यादी होते ती नेहमी आखूड असते. गटांतल्या महिलांच्या वह्यांत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी टाळा. "त्या गरीब मुलांकडे बघ, त्यांच्याकडे काही नाही आणि तू रडतोस" असे म्हणू नका. त्यातून मूल एकतर अपराधी होते किंवा आपण वरचढ असल्याचे शिकते, आणि दोन्हींपैकी काहीच कामाचे नाही. दुसरे म्हणजे, सणाच्या दिवशी बिस्किटांचे पुडे वाटून त्याचे फोटो काढण्याची जी टूम निघाली आहे तिच्यात मुलांना उभे करू नका. घेणाऱ्या मुलाचाही चेहरा असतो. त्यापेक्षा मुलांना कामे द्या, खरी आणि थोडी जड. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. प्रसादाचा डबा घेऊन वाडीतल्या चार घरी एकट्याने जाणे, तिथे बसणे, त्यांनी दिलेला लाडू खाणे आणि "आमची आजी पडली तेव्हा तुम्ही आलात, बाबांनी सांगितलं" एवढे वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलणे त्याला जमेल. पहिल्या घरी तो पुटपुटेल, तिसऱ्या घरी नीट बोलेल. सात वर्षांच्या मुलीला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, घेऊन जा. नागपंचमीच्या सुमारास घराघरांतून मूर्तिकाराकडे पाट पोचवले जातात, त्या दिवशी जाणे शक्य नसेल तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी रंगाचे शेवटचे हात चालू असताना न्या. आपल्या पाटावर बसलेला आपला गणपती कोणाच्या हातांनी झाला ते तिने पाहावे. डोळे आखण्याच्या वेळी मूर्तिकार श्वास कसा रोखून धरतो, हे पाहिलेले मूल मूर्तीची किंमत वेगळ्या रीतीने मोजते. खेळणी बंद करा असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाला एक वस्तू, ती त्याने महिनाभर आधी ठरवलेली, आणि मध्ये विचार बदलायला मोकळीक. पंधरा दिवसांत मुले स्वतःच तीनदा विचार बदलतात आणि हाव म्हणजे काय ते आपल्याला सांगावे लागत नाही.

नातेवाइकांचे बोलणे हा अवघड भाग आहे, आणि त्यात बहुतेक जण वेळ चुकवतात. गावी पोचल्यावर रिकाम्या हाताने उभे राहून "यंदा जरा अडचण होती" असे सांगणे म्हणजे चर्चेला आमंत्रण. हे महिनाभर आधी, फोनवर, कारण न देता सांगायचे असते, आणि आपापल्या माणसाने आपापल्या रक्ताच्या माणसाला सांगायचे असते. नणंदेला तुम्ही सांगू नका. तुमच्या यजमानांनी आपल्या बहिणीला फोन करावा. "यंदा मोठ्यांत साड्या-कपड्यांची देवघेव बंद करूया, तूही काही आणू नकोस, आपण सगळे मिळून आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन करूया" असे काहीतरी ठोस बोलावे. दोन्ही बाजूंचे देणे एकदम बंद झाले की कोणी चिकट ठरत नाही. माझा अनुभव असा, की समोरची व्यक्ती बहुधा सुटकेचा निःश्वास टाकते, कारण तिच्याही कार्डावर बाकी असते. एखादी बोललीच तर बोलू द्यावे. दोन दिवस बोलणे ऐकणे हे बारा महिने व्याज भरण्यापेक्षा स्वस्त पडते. ओवशाची, म्हणजे नव्या सुनेने गौरीला सूप वाहण्याच्या रिवाजाची, मात्र काटकसर करू नका. तिचा पहिला ओवसा एकदाच होतो, सुपातली पाने आणि फळे महाग नसतात आणि त्या निमित्ताने ती घरोघरच्या मोठ्यांच्या पाया पडते. ज्या रिवाजात माणूस माणसाकडे जातो तो राखावा.

सजावटीबद्दल थोडक्यात. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखराची जागा तयार पडदे आणि चिनी रोषणाईने घेतली आहे आणि दरवर्षी नवे घेण्याची सवय लागली आहे. सासूबाईंच्या पेटीतली जुनी जरीची साडी मागे लावा. तिच्याबद्दल त्या जे बोलतील ते तयार पडद्यात मिळणार नाही.

आता रक्कम. तुमच्या ६२,००० मध्ये प्रवासाचे ६,००० होते, मूर्ती-पूजेचे ४,०००, जेवणखाण्याचे ११,०००, मखर-रोषणाईचे ७,००० आणि भेटवस्तू, कपडे, खेळणी मिळून ३४,०००. पहिले तीन खर्च सणाचे आहेत, त्यांना हात लावू नका. त्यांची बेरीज २१,००० होते. यंदापासून बँकेत दरमहा २,५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा, मुदत अशी धरा की ती श्रावणात पिकेल. वर्षाचे ३०,००० आणि वर थोडे व्याज. २१,००० वजा जाता ९,००० उरतात, आणि त्यांत मुलांच्या दोन वस्तू आणि माणसांच्या यादीतले जे काही असेल ते सगळे बसवायचे. बसते. या पहिल्या वर्षी ठेव पिकलेली नसेल, तेव्हा कोकण रेल्वेचे आरक्षण सुटते तो दिवस पकडा. पूर्वी ते १२० दिवस आधी सुटत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुटते. ज्या सकाळी तिकिटासाठी धडपडता त्याच सकाळी पहिले चार हजार वेगळ्या खात्यात टाका, आणि पुढच्या दोन पगारांतून उरलेले. कार्ड मात्र विरारच्या कपाटात ठेवून जा आणि फोनमधल्या दुकानांतून त्याची जपून ठेवलेली नोंद पुसून टाका. सोळा आकडे पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा हा मला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा संयम आहे. गावच्या बाजारात मात्र हात आखडू नका. बचत गटाच्या बाईकडची कोकमे, पोह्याचे पापड, शेतकऱ्याची काकडी ही खरेदी घासाघीस न करता रोखीने करा, कारण तिच्यासाठी ते पाच दिवस वर्षाच्या कमाईचे असतात.

राहता राहिला माळ्यावरचा कुकर. तो परत मागू नका आणि विकूही नका. सासूबाईंनी तो खोक्यासकट वर ठेवला, याचा अर्थ त्यांना तो नको होता असा मी लगेच काढणार नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या चांगली वस्तू मोडू नये म्हणून ठेवतात. यंदा पोचल्यावर पहिल्या दिवशी त्यांच्या समोर तो खाली काढा आणि विचारा, की वापरायला भीती वाटते का, की कोणाला द्यायचा आहे. भीती वाटत असेल तर दोन दिवस त्यांच्या शेजारी उभ्या राहून त्यात भात लावा, शिट्टी झाली की दचकू नका असे सांगा. द्यायचा असेल तर नाव त्या सांगतील, आणि बहुधा ते नाव तुमच्या माणसांच्या यादीत आधीच असेल. तो त्यांच्या हातून दिला जाऊ द्या. फक्त जाताना विरारहून एक नवे गॅस्केट घेऊन जा. एवढा काळ पडून राहिलेले रबर कडक झालेले असते.